विमान पडणें आणि विमान उतरणें

चंद्रपूर जिल्ह्यांतील सिंदेवाही तालुक्याला आकाशांतून वस्तु खालीं येण्याचा एक विलक्षण अनुभव आहे. ता. २ एप्रिल २०२२ रोजीं सायंकाळीं पावणेआठच्या सुमारास विदर्भांतील अनेक गांवांतून आकाशांत जळत जाणारा एक प्रकाशाचा पट्टा दिसला, आणि लाडबोरी या गांवीं सुमारें तीन मीटर व्यासाचें धातूचें एक कडें येऊन पडलें. तालुक्यांत दुसऱ्या ठिकाणीं एक पोकळ गोळाही सांपडला. एका चिनी अग्निबाणाचे हे अवशेष असावेत, असा निर्वाळा जाणकारांनीं दिला. कोणास इजा झाली नाहीं हें खरें; परंतु त्यांत कोणाचें कौशल्य नव्हतें. त्या कड्याला चालक नव्हता. कोठें पडावें, घरावर कीं माळावर, हें ठरविण्याची शक्ति त्याच्या ठायीं नव्हती. तें पडलें, एवढेंच.

याच आकाशांतून लहान विमानेंही जातात. चंद्रपूरजवळ मोरवा येथें धांवपट्टी आहे. गोंदियाजवळ बिरसी येथें विमानचालनाचें शिक्षण दिलें जातें. नागपूर तर विमानांच्या वाटांचा चौकच आहे. अशा एखाद्या एका इंजिनाच्या विमानाचें इंजिन सिंदेवाहीच्या धानशेतांवर असतांना बंद पडलें, तर काय होतें? पुष्कळ सुशिक्षित माणसांचीही अशी समजूत असते कीं, इंजिन थांबलें म्हणजे विमान दगडासारखें खालीं येणार. ही समजूत चुकीची आहे. इंजिन थांबलें तरी विमान पडत नाहीं. तें उतरूं लागतें. पडणें आणि उतरणें यांत जें अंतर आहे, तेंच वैमानिकाच्या विद्येचें सार होय. त्या विद्येची थोडी ओळख करून घेणें उपयोगाचें आहे. कारण अशा विमानांत उद्यां कोणीही प्रवासी असूं शकेल, आणि असें विमान कोणाच्याही शेतांत उतरूं शकेल.

विमानाला हवेंत तोलून धरतात ते त्याचे पंख, इंजिन नव्हे. पंखांवरून पुरेशा वेगानें हवा वाहत राहिली म्हणजे पंख विमान उचलून धरतात. इंजिनाचें काम तो वेग कायम ठेवण्याचें. सायकलस्वार सपाट रस्त्यावर पायडल मारतो तेव्हां सायकल चालते. पण उतार लागला कीं पाय स्थिर ठेवूनही ती चालतच राहते. इंजिन बंद पडलेलें विमान असेंच हवेच्या एका अदृश्य उतारावरून घसरत येतें. त्याचें नाक किंचित् खालीं ठेवलें कीं वजनच त्याला वेग पुरवितें. उंची खर्चावयाची आणि वेग विकत घ्यावयाचा, असा हा व्यवहार आहे.

या व्यवहाराचे आंकडे पाहण्यासारखे आहेत. शिकाऊ वैमानिकांच्या नेहमींच्या वापरांतील सेस्ना जातीचें लहान विमान घेतलें, तर तें एक फूट खालीं येतांना साधारणतः आठ-नऊ फूट पुढें जातें. म्हणजे एक हजार फूट उंचीवर इंजिन थांबल्यास शांत हवेंत सुमारें अडीच किलोमीटर अंतर कापतां येतें. तीन हजार फुटांवर असल्यास सात-आठ किलोमीटर जातां येतें, आणि जमिनीला लागेपर्यंत सुमारें चार मिनिटें मिळतात. चार मिनिटें म्हणजे चहाचें आधण उकळण्यासही अपुरा वेळ. पण ज्याला काय करावयाचें तें ठाऊक आहे, त्याला तेवढा वेळ पुरतो.

हें साधण्यासाठीं वेग मात्र नेमका पाहिजे. प्रत्येक विमानाला इंजिनाविना सर्वांत दूर जाण्याचा एक ठराविक वेग असतो. सेस्ना १५२ या दोन आसनांच्या विमानाला तो ६० नॉट, म्हणजे ताशीं सुमारें १११ किलोमीटर आहे. याहून जलद गेल्यास उंची लवकर संपते. याहून हळू गेल्यासही अंतर कमीच कापलें जातें. आणि फारच हळू गेल्यास काय होतें, तें सर्वांत महत्त्वाचें आहे.

पंख हवेला एका मर्यादित कोनांत कापीत असतो. विमानाचें नाक वर उचलूं लागावें तसा हा कोन वाढतो व विमानाचा वेग घटतो. कोन सुमारें १५ अंशांच्या पलीकडे गेला, कीं पंखाच्या पाठीवरून नीट वाहणारी हवा तेथून सुटते, तिच्यांत भोंवरे उठतात, आणि पंखाची उचलण्याची शक्ति एकाएकीं नाहींशी होते. वैमानिक या अवस्थेला ‘स्टॉल’ म्हणतात. या अवस्थेंत मात्र विमान खरोखरच पडतें. उंची भरपूर असेल तर नाक खालीं करून पुन्हां वेग मिळवितां येतो. जमीन जवळ असेल तर तेवढा अवकाश मिळत नाहीं.

यांतील विपरीत गोष्ट अशी कीं, संकटांत माणसाला जी क्रिया सहज सुचते, तीच येथें घातक आहे. जमीन वर येतांना दिसली, निवडलेलें शेत जरा दूर वाटलें, कीं हात आपोआप दांडा मागें ओढतो. जणूं विमानाला उचलून धरतां येईल! त्यानें विमान दूर जात नाहीं. त्याचा वेग मात्र मरतो. म्हणून शिक्षक विद्यार्थ्याच्या मनावर एक नियम पुनः पुनः बिंबवितात: इंजिन थांबतांच प्रथम नाक खालीं आणि वेग ठीक, बाकी सर्व त्यानंतर.

वेग साधला म्हणजे दुसरें काम जागा निवडण्याचें, आणि तिसरें काम इंजिन कां थांबलें हें पाहण्याचें. हा क्रम उलटवूं नये. इंजिन सुरूं करण्याच्या खटपटींत मान खालीं घालून बसलेला वैमानिक, हातचीं चांगलीं शेतें मागें टाकून नेमका जंगलावर जाऊन पोंचतो. जागा नजरेंत धरल्यावर मग हात भराभर ठरलेल्या जागीं फिरावेत. पेट्रोलची तोटी उघडी आहे ना? एका टाकींतील पेट्रोल संपलें असल्यास दुसरी टाकी जोडली काय? हवा व पेट्रोल यांचें प्रमाण बरोबर आहे ना? ठिणगी देणारे दोन्ही मॅग्नेटो चालू आहेत ना? कार्बुरेटरला ऊन हवा दिली काय? हा शेवटचा प्रश्न आपल्या उष्ण देशांत चमत्कारिक वाटेल. परंतु कार्बुरेटरमध्यें पेट्रोलची वाफ होतांना आंतील हवा इतकी थंड होते कीं, दमट दिवशीं बाहेर २५ अंश उष्णता असतांनाही आंत बर्फ धरूं शकतें आणि इंजिनाचा घसा बंद होतो. ऊन हवा सोडली कीं तें बर्फ वितळतें व पुष्कळदां इंजिन पुन्हां बोलूं लागतें.

आतां जागेचा विचार. येथें मुलखाची माहिती कामास येते, आणि पुस्तकांत लिहिलेले सामान्य नियम त्या त्या मातीवर तपासून घ्यावे लागतात. सिंदेवाही हा धानाचा मुलूख. भाताच्या संशोधनाचें केंद्रही तेथें आहे. ब्रह्मपुरी, नागभीड, मूल या बाजूंना सर्वत्र लहान लहान बांध्या आणि त्यांच्या मधून गेलेले धुरे असें जमिनीचें रूप आहे. वरून पाहणाऱ्याला हें सारें गालिच्यासारखें सपाट भासतें. प्रत्यक्षांत एक बांधी दुसरीपेक्षां वीतभर उंच किंवा सखल असते, आणि मधला धुरा विमानाच्या चाकाला उंबरठ्यासारखा अडवितो. म्हणून येथें पहिला नियम असा कीं, सर्वांत लांब बांधी निवडून धुऱ्याच्या कडेकडेनें उतरावें. धुरे आडवे घेऊन उतरूं नये.

ऋतु बदलला कीं याच जमिनीचा स्वभाव बदलतो. पावसाळ्यांत बांध्यांत पाणी व चिखल असतो. त्यांत पुढचें चाक रुततें आणि विमान कोलांटी खाऊन पाठीवर पडण्याचा संभव असतो. तें दृश्य भयंकर दिसतें. परंतु चिखलानें वेगही गिळलेला असतो, आणि पट्टे घट्ट बांधलेले असतील तर आंतील माणसें बहुधा जिवानिशीं सुटतात. धान कापून झाल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरनंतर, जमीन वाळत जाते. कांहीं बांध्यांत लाखोळी, जवस अशीं ठेंगणीं पिकें उभीं राहतात. तीं चाकांना फारशीं अडवीत नाहींत. उन्हाळ्यांत माती दगडासारखी होते. चाकें चांगलीं धांवतात, पण धुरेही तितकेच कठिण झालेले असतात.

या भागांतील तलावही पाण्यावर उतरण्याचा मोह घालतात. घोडाझरी व आसोलामेंढा हे मोठे जलाशय, आणि गांवोगांवचे जुने मालगुजारी तलाव, ज्यांना लोक मामा तलाव म्हणतात, ते वरून चकाकतात. परंतु खालीं घट्ट बसविलेलीं चाकें असलेलें विमान पाण्याला टेकलें, कीं चाकें पाण्यांत अडकून तें उपडें होण्याचाच संभव अधिक. तेव्हां पाणी ही शेवटची जागा. उन्हाळ्यांत आटलेल्या तलावाची कड टणक असते, मधला भाग मात्र वरून भेगाळलेला व आंतून ओला असूं शकतो. तलावाचा एक निराळाच उपयोग आहे: तो वारा सांगतो. ज्या काठाकडून वारा येतो, त्या काठाशीं पाणी आरशासारखें शांत असतें व पलीकडे लाटा दिसतात. चुलीचा किंवा शेतांत पेटविलेल्या काडीकचऱ्याचा धूर दिसला, तर त्याहून सोपें.

वाऱ्याची एवढी चौकशी कशासाठीं? कारण मृत्यु आणि जीवन यांच्या मधोमध येथें वेगाचा वर्ग उभा आहे. शाळेंत शिकविलें जातें कीं, गतिमान वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. विमान हवेंतून ताशीं १०० किलोमीटर वेगानें येत आहे आणि वारा ताशीं २० किलोमीटर आहे, असें समजूं. वाऱ्याला तोंड देऊन उतरल्यास जमिनीशीं त्याचा वेग ८० उरतो. वारा पाठीशीं घेतल्यास तो १२० होतो. वेग दीडपट, पण ऊर्जा सव्वादोनपट! आणि ही सारी ऊर्जा शेवटीं कोठें तरी जिरावी लागते. माती, धातु कीं माणसाचें शरीर, एवढाच प्रश्न असतो.

याच गणिताची दुसरी बाजू धीर देणारी आहे. पट्टे नीट बांधलेला मनुष्य क्षणमात्र आपल्या वजनाच्या नऊपट जोर सोसूं शकतो, असें धरून हिशेब केला, तर ताशीं ८० किलोमीटर वेगाचें विमान तेवढ्या जोरानें सारखें रोखावयास अवघें २.८ मीटर अंतर पुरतें. वेग दुप्पट झाल्यास मात्र ११ मीटरांवर लागतें. तेव्हां मैदान लांबलचक नसलें तरी चालेल, शेवटचा वेग कमी असला पाहिजे. आणि ती ऊर्जा पंख, चाकें, झुडपें, पिकें यांनीं खावी, माणसें बसलेल्या भागानें खाऊं नये. पंख मोडले तर मोडूं द्यावेत. विमान वांचविण्याचा लोभ ज्याला सुटत नाहीं, तो माणसें गमावतो. विमानाचें काम त्या क्षणापुरतें एकच: आंतील माणसांचें चिलखत होणें.

रस्ते वरून मोठे आकर्षक दिसतात. ता. २३ जानेवारी २०२० रोजीं राष्ट्रीय छात्रसेनेचें एक दोन आसनी विमान दिल्लीजवळ गाझियाबादच्या हद्दींत नव्या द्रुतगति मार्गावर उतरविण्यांत आलें. एका पंखाची मोडतोड झाली, पण आंतील दोघे सुखरूप राहिले. परंतु तो मार्ग रुंद व मोकळा होता. आपल्या तालुक्यांच्या रस्त्यांवर दुतर्फा झाडें, विजेच्या तारा, बैलगाड्या, मोटारसायकली, शाळेंतून परतणारीं मुलें असतात. विजेची तार तर वरून दिसतच नाहीं. दिसतात ते खांब. म्हणून जेथें खांबांची रांग दिसेल तेथें तार आहेच असें समजून चालावें. आणि स्वतःचा जीव वांचविण्यासाठीं रस्त्यावरील निरपराध माणसांचा जीव धोक्यांत घालण्याचा अधिकार वैमानिकाला नाहीं, हेंही विसरूं नये.

शेत आटोक्यांत नसेल आणि खालीं केवळ जंगल असेल, तर? सिंदेवाहीच्या पश्चिमेस ताडोबा-अंधारीचें अरण्य पसरलें आहे, पूर्वेस गडचिरोलीचें. ता. १८ मार्च २०२३ रोजीं बिरसीहून उडालेलें एक शिकाऊ विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यांतील डोंगराळ जंगलांत कोसळलें व आंतील दोघांचाही अंत झाला. अरण्य आणि डोंगर यांची दया गृहीत धरतां येत नाहीं, हें त्या घटनेनें सांगितलें. म्हणूनच वाट थोडी लांबली तरी मोकळ्या मुलखावरून, आणि पुरेशा उंचीवरून जावें. तरीही झाडांवर उतरण्याची पाळी आलीच, तर उंच, विरळ सागांपेक्षां ठेंगणीं व दाट शेंड्यांचीं झाडें बरीं. वाऱ्याकडे तोंड करून, शक्य तितक्या कमी पण स्टॉल न होणाऱ्या वेगानें, शेंड्यांवर अलगद बसविल्यासारखें विमान न्यावें. दोन्ही पंखांवर सारखा आघात व्हावा, आणि मधला भाग कोणत्याही जाड बुंध्यावर जाऊं नये.

जागा ठरली, वारा कळला. आतां तेथवर पोंचणें. येथें अनुभवी वैमानिक थोडी उंची हातची राखून ठेवतो. अधिक उंची असली तर नागमोडी वळणें घेऊन, पंखांमागील फ्लॅप खालीं सोडून किंवा विमान तिरपें घसरवून ती खर्चितां येते. कमी पडलेली उंची मात्र कोठूनही उसनी आणतां येत नाहीं. शेत खात्रीनें हातीं आल्यावरच पूर्ण फ्लॅप सोडावेत. टेकण्यापूर्वीं पेट्रोलची तोटी, मॅग्नेटो आणि शेवटीं विजेचा मुख्य खटका बंद करावा. त्यायोगें आगीचें भय कमी होतें. दारांच्या कड्या आधींच सैल करून ठेवाव्या. कारण सांगाडा वांकला तर दारें अडकून बसतात. मग शेपूट किंचित् खालीं ठेवून मुख्य चाकांवर टेकावें.

एका प्रसंगाचा निराळा विचार केला पाहिजे. धांवपट्टी सोडून दोन-तीनशें फूट वर गेल्यावर इंजिन थांबलें, तर मागें वळून त्याच धांवपट्टीवर परत येण्याची अनिवार इच्छा होते. ती आवरावी. परत फिरावयाचें म्हणजे अर्ध्या वर्तुळाहून मोठें वळण घ्यावें लागतें. त्यांत उंची झपाट्यानें जाते. आणि वळणांत पंखांवर भार अधिक पडल्यामुळें स्टॉल होण्याचा वेगही वाढतो. पातळी न सोडतां ६० अंश कललेल्या वळणांत तर तो जवळजवळ १.४ पट होतो. शिवाय वारा आतां पाठीशीं येतो. म्हणून नियम असा कीं, समोर, फार तर थोडें डावीउजवीकडे, जी बरी जागा दिसेल ती घ्यावी. समोरचें साधें शेत हें मागच्या उत्तम धांवपट्टीपेक्षां अधिक सुरक्षित असतें.

हें सर्व चालू असतांना रेडिओवरून मदत मागावयाची ती कामें उरकल्यावर. कारण हांक मारल्यानें विमान तरंगत नाहीं. ‘मेडे’ हा शब्द तीन वेळां उच्चारून विमानाचें नांव, जागा, संकट, आंतील माणसांची संख्या व आपला बेत थोडक्यांत सांगावा. जवळच्या केंद्राशीं बोलणें चालू नसेल, तर १२१.५ मेगाहर्ट्झ ही संकटाची लहर सर्वत्र ठेवलेली आहे. मेडे या शब्दाचा मे महिन्याशीं कांहीं संबंध नाहीं. ‘मला मदत करा’ अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून लंडनजवळील क्रॉयडन विमानतळावरील एका रेडिओ अधिकाऱ्यानें १९२० नंतरच्या दशकांत तो बसविला. अनेक विमानांत जोराचा आघात होतांच ४०६ मेगाहर्ट्झवर आपोआप हांक मारणारें यंत्रही असतें. ती हांक उपग्रह ऐकतात व शोधपथकाला दिशा मिळते.

या विद्येचें फळ आपल्या देशांत अनेकदां दिसलें आहे. ता. २४ मे २०१६ रोजीं पाटण्याहून रुग्ण घेऊन दिल्लीस येणाऱ्या एका लहान विमानाचीं दोन्ही इंजिनें थांबलीं. वैमानिकांनीं तें नजफगडजवळच्या शेतांत उतरविलें. विमान मोडलें, पण आंतील सातही जण वांचले. महाराष्ट्रांत ता. २५ जुलै २०२२ रोजीं बारामतीहून एकटीच उडालेली एक बावीस वर्षांची विद्यार्थिनी इंदापूर तालुक्यांतील कडबनवाडीच्या शेतांत अशाच प्रकारें खालीं आली. विमानाची नासधूस झाली. तिला किरकोळ इजांवर सुटतां आलें. शेजारीं शिक्षक नसतांना, बावीसाव्या वर्षीं! विमानें नवीं मिळतात.

आतां प्रवाशांचें कर्तव्य. वैमानिकाशीं त्या वेळीं बोलूं नये. त्याला विचारावयाचा प्रश्न कितीही महत्त्वाचा वाटला तरी नाहीं. कमरेचा पट्टा पोटावर नव्हे तर कंबरेच्या हाडांवर, खालीं व घट्ट ओढावा. चष्मा, खिशांतील पेन, तीक्ष्ण वस्तु काढून ठेवाव्या. घडी केलेलें कापड किंवा कोट तोंडापुढें धरावा. विमान उलटें झालें व आपण पट्ट्यावर लोंबकळत असलों, तर एक हात छताला टेकल्याशिवाय पट्टा सोडूं नये. नाहीं तर उतरण्यांत न मोडलेली मान सुटकेंत मोडावयाची. बाहेर पडल्यावर सामानासाठीं परत फिरूं नये, आणि पुढील पंख्याच्या बाजूनें जाऊं नये.

गांवकऱ्यांचें कर्तव्यही तितकेंच मोठें आहे. कारण मदतीस पहिला पोंचतो तो शेतकरी, गुराखी किंवा वनरक्षक. विडी किंवा काडी पेटवूं नये; जमिनीवर पेट्रोल सांडलेलें असतें. विजेची तार तुटली असेल तर कोणीही जवळ जाऊं नये, आधीं वीजपुरवठा बंद करवावा. विमानाजवळ मागून किंवा बाजूनें जावें. पंखा थांबलेला दिसला तरी त्याला हात लावूं नये. आंत किती माणसें होतीं हें प्रथम विचारावें. आग नसेल तर जखमीला ओढून काढण्याची घाई करूं नये, मानेला व पाठीला धक्का न लावतां डॉक्टरची वाट पाहावी. आग असेल तर मात्र क्षणाचाही विलंब नको. ११२ या क्रमांकावर पोलिसांना आणि १०८ वर रुग्णवाहिकेला कळवावें, आणि गाडी जेथपर्यंत येऊं शकेल तेथें वाट दाखविण्यास एक माणूस उभा करावा. कांहीं नव्या लहान विमानांत संपूर्ण विमानाला तोलणारी हवाई छत्री असते व ती लहानशा अग्निबाणानें उडते; तेव्हां आंतील कोणतीही तांबडी मूठ ओढूं नये. मोडका तुकडा आठवण म्हणून घरीं नेऊं नये. विमान कां उतरावें लागलें हें त्या तुकड्यांवरूनच ठरतें, आणि त्या निर्णयावर पुढच्या विमानांतील माणसांचे जीव अवलंबून असतात.

गांवाची मदत विमानाला केवढी होऊं शकते, याचें एक सुंदर उदाहरण १९३० सालचें आहे. एमी जॉन्सन ही इंग्रज तरुणी ता. ५ मे रोजीं एकटीच क्रॉयडनहून ऑस्ट्रेलियास निघाली. तिच्या लांकडी-कापडी विमानांतील पेट्रोल भारतावरून जातांना संपत आलें, तेव्हां तिनें तें झांशीच्या कवायतीच्या मैदानावर उतरविलें. तेथें डागडुजी करून ती पुढें गेली, आणि ब्रह्मदेशांत रंगूनजवळ इन्सीन येथें शर्यतीचें मैदान समजून एका तंत्रशाळेच्या क्रीडांगणावर उतरली. विमान चरांत जाऊन पंखा व पंख मोडला. त्या तंत्रशाळेंतील मंडळींनींच तें दुरुस्त करून दिलें, आणि मे महिन्याच्या २४ तारखेस ती डार्विनला पोंचली.

त्या काळीं अशी उतरणूक वैमानिकाच्या रोजच्या हिशेबांतली बाब होती. १९३२ च्या १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून जुहूला आले तें विमानही एकाच इंजिनाचें होतें. आज इंजिनें पुष्कळ भरंवशाचीं झालीं आहेत; पण त्या भरंवशाचाच एक धोका असा कीं, तीं कधीं थांबतील हा विचारच मनांतून जातो. म्हणून चांगला शिक्षक उड्डाण चालू असतांना, कांहीं न सांगतां, इंजिनाची शक्ति एकदम कमी करतो आणि विचारतो, “आतां कोठें उतरणार?” उत्तर देण्यास विद्यार्थी जितका वेळ घेईल, तितके फूट तो गमावीत असतो.

आणि अशा अनेक प्रसंगांचें बीज जमिनीवरच पेरलेलें असतें. उड्डाणापूर्वीं टाकींत कांडी घालून पेट्रोल प्रत्यक्ष मोजणें, तळाचें थोडें पेट्रोल कांचेच्या पेल्यांत काढून त्यांत पाणी उतरलें आहे काय तें पाहणें, वाटेंतील वाऱ्याचा हिशेब करून तास-अर्ध्या तासाचें पेट्रोल जादा घेणें, हीं तीन कामें दहा मिनिटांचीं आहेत. सकाळीं धांवपट्टीवर खर्च केलेलीं तीं दहा मिनिटें, आणि दुपारीं धानाच्या बांध्यांवर मिळणारीं चार मिनिटें, यांपैकीं आपण कोणतीं वापरावीं हें निवडणें बहुधा वैमानिकाच्याच हातीं असतें.